बोपचे डॉक्टरांची उलटतपासणी

बोपचे डॉक्टर पेशंटला ‘काय होतंय’ असं कधीच विचारत नाहीत. म्हातारं माणूस समोर बसलं की खुर्ची पुढं ओढतात आणि म्हणतात, “कालचा दिवस सांगा. डोळे उघडले तिथून.” मग बकरी कुठं बांधली, सून काय बोलली, सगळं निघतं. मध्येच डॉक्टर ओरडतात, “थांबा! च्यात साखर कोनं टाकली?” कोर्टातला वकील परवडला, पण हा माणूस नको!

नवेगाव-बांध या गावी त्यांच्या दवाखान्याला लागून माझं मेडिकल आहे; मधल्या दारातून सगळं दिसतं नि ऐकू येतं. बाकीचे डॉक्टर गोळ्या वाढवतात, हा बाबा कमी करतो. चार ठिकाणच्या चिठ्ठ्या घेऊन आलेला म्हातारा त्यांच्याकडून एकच चिठ्ठी घेऊन बाहेर पडतो. एकदा मी चिडून म्हटलं, “साहेब, माझ्या पोटावर काऊन उठले?” तर म्हणाले, “तुम्ही टूथपेस्ट विका ना!”

मागच्या पावसाळ्यात केशोरीकडच्या कौसल्याबाईंना त्यांचा मुलगा घेऊन आला. बाई बहात्तर वर्षांच्या. शुगर, बीपी, थायरॉइड, वरून गुडघे. महिन्याभरात तीनदा धानाच्या बांधीत, म्हणजे भातखाचरात, चक्कर येऊन पडल्या होत्या. दर पडण्याला नवा डॉक्टर आणि नवी गोळी. मुलगा नागपूरला नोकरीला. त्यानं आईची बॅग भरूनच आणली होती. “आता घेऊनच जातो. एकटी ठेवणं जमत नाही,” तो म्हणाला. त्याचंही काय चुकलं?

बाई हळूच बोलल्या, “तिथं चौथ्या माळ्यावर मी का करू जी? माझं घर नका सोडवू.”

“कालचा दिवस सांगा,” डॉक्टर म्हणाले.

“सकारी सहाले उठलो. च्या घेतला, गोळ्या घेतल्या. मंग निंदाले गेलो.”

“जेवल्या कधी?”

“निंदण झाल्यावर. बारा वाजले असतीन.”

डॉक्टर ताडकन उठले. शुगरची गोळी सहाला, जेवण बाराला, आणि मधला सगळा वेळ चिखलात वाकून काम! साखर उतरणार नाही तर काय होईल? चिठ्ठीवर ‘सकाळी, जेवणाआधी’ लिहिलं होतं, ते बाईंनी अगदी इमानदारीनं पाळलं होतं. आमच्याकडं रोवणी-निंदणीच्या दिवसांत सकाळ कुठं आणि जेवण कुठं, हे लिहिणाऱ्याच्या ध्यानीमनीही नव्हतं.

डॉक्टरांनी शुगरची गोळी बदलली, चक्करवरच्या दोन गोळ्या बंद केल्या आणि बजावलं, “आधी शिदोरी, मग गोळी, मग बांधी.” मुलाला म्हणाले, “दोन महिने द्या मले. पुन्हा पडल्या तर खुशाल न्या.” मुलगा तयार झाला, पण बॅग काही त्यानं उघडू दिली नाही.

त्यानंतर डॉक्टर दर रविवारी बीपी बघायला स्वतः कौसल्याबाईंकडं जाऊ लागले. मला नवल वाटलं. मयताचा दाखला लिहायला सोडून पेशंटच्या घरी जाणारा डॉक्टर मी पाहिला नव्हता! दोन महिने भरले त्या रविवारी मीही त्यांच्या गाडीत बसलो.

बीपी दोन मिनिटांत झाला. मग बाईंनी पाट मांडला आणि भात नि मासोळीचं कालवण वाढलं. डॉक्टर नको म्हणाले, तर बाई उखडल्या, “गुपचूप खा जी! कसे वाळून राहिले!” एवढा मोठा माणूस मुकाट्यानं जेवू लागला.

तेवढ्यात मुलाचा फोन आला. “नाही पडलो रे, एकदाबी नाही,” बाई म्हणाल्या. “बॅग? ते मी कवाच खाली केलो. ठेव आता, घरी पाव्हणे जेवून राहिले.”

परतीच्या वाटेवर डॉक्टर गाडी चालवत होते. म्हणाले, “बायको जाऊन चार वर्षं झाली. तेव्हापासून कोणी आग्रह करून वाढलं नव्हतं.”

भिंतीला भिंत लागून, आणि मी त्यांना कधी जेवले का म्हणूनसुद्धा विचारलं नव्हतं.

थोड्या वेळानं तेच म्हणाले, “पुढच्या रविवारी बीपी पुन्हा पाहावा लागेल.”

“नॉर्मल होता ना, साहेब?”

“होता,” ते समोर रस्त्याकडं बघत म्हणाले. “तरी पाहावा लागेल.”