पिवळ्या शाईतला नवरा

"अहो, माझ्या नाटकातल्या माणसांची डोकी उडालीत!"

तंत्रनिकेतनात शिकवण्यात हयात घालवलेले सर लगबगीने प्रिंटरपाशी आले. कागदावरील प्रत्येक ओळीचा वरचा भाग गायब होता. पत्नीने साठीत पहिली एकांकिका लिहिली होती आणि आज संध्याकाळी वाचनालयात चारचौघांसमोर तिचे वाचन होते. सुट्टीमुळे झेरॉक्सची दुकाने बंद होती. सरांनी स्वतः मात्र ही एकांकिका अद्याप वाचलेली नव्हती. "निवांत वाचतो" हे त्यांचे उत्तर महिनाभर कायम होते.

"तरी सांगत होते, ती स्वस्तातली कार्ट्रिजं नकोत म्हणून."

"शाई ती शाई. थांब, आधी मूळ दोष शोधू."

दोष उघड होता. हलक्या शाईने प्रिंटरच्या हेडची सूक्ष्म छिद्रे बुजली होती. सरांनी सफाईचे बटण दाबले. प्रिंटर घरघरला, घोटभर शाई प्यायला आणि अक्षरे आणखी फिकट उमटली. सरांनी पुन्हा दाबले. प्रत्येक पात्राचे संवाद वेगळ्या पानांवर होते; नवरा मितभाषी असल्याने त्याला एकच पान पुरले होते. चाचणीसाठी सर दर वेळी तेच काढत आणि भिंगाखाली एकेक अक्षर तपासत; अर्थाकडे त्यांचे लक्ष नव्हते. पान वर बरे येई. तळाशी पोचेतो शाई मान टाकी.

अखेर शेजारचे दंतवैद्य सिरिंज घेऊन आले. नवऱ्याची भूमिका तेच वाचणार होते.

"सर, आधी भूल द्यायची का?"

"चेष्टा नको, डॉक्टर. नीट धरा."

सरांनी कोमट पाणी छिद्रांत सोडले. काळी धार उसळून थेट डॉक्टरांच्या पांढऱ्या शर्टावर गेली.

"पेशंटला चूळ भरायला सांगायचं राहिलं वाटतं," डॉक्टर म्हणाले.

काळ्या रंगाने त्यानंतर कायमचे डोळे मिटले. उरलेले तीन रंगही तळाला गेले होते. सरांनी हिशेबाने वाटणी केली: बायकोला निळा, तिच्या बहिणीला गुलाबी, नवऱ्याला पिवळा.

"पिवळं दिसेल का हो?"

"खिडकीपाशी दिसतंय की. आणि तो बोलतोच किती?"

संध्याकाळी वाचनालयातील पिवळ्या दिव्यांखाली डॉक्टरांनी पान उलटसुलट केले. "सर, हे कोरं आहे हो!"

पत्नीचा चेहरा उतरला. सर उठले आणि डॉक्टरांच्या खुर्चीत बसले. दिवसभर तपासून ते पान त्यांना तोंडपाठ झाले होते.

"थांब, आधी मूळ दोष शोधू," पहिलाच संवाद त्यांनी म्हटला आणि श्रोते खदखदून हसले. "निवांत वाचतो," या दुसऱ्या संवादाला त्याहून मोठा हशा आला. तेव्हा कुठे सरांना नवऱ्याची ओळख पटली. कान लाल झाले, पण ते म्हणत राहिले.

शेवटची ओळ आली. ती पानाच्या तळाची. दिवसभरात एकदाही धड उमटलेली नव्हती. पत्नी वाट पाहत होती.

"अगं," सर हळूच म्हणाले, "फार छान लिहिलंयस."

टाळ्या बराच वेळ थांबल्या नाहीत.

घरी परतताना सरांनी भीत भीत विचारले, "खरी ओळ काय होती गं?"

"'माझा चष्मा कुठे ठेवलायस?'"

"अरेरे. मग आता?"

"राहू दे तशीच," पत्नी म्हणाली. "आज तेवढी एकच दुरुस्ती तुम्हाला जमलीय."