तिसरा की चौथा

चष्मेवाले वारले तेव्हा त्यांना कुठल्या मजल्यावर न्यायचं हे ठरलेलं नव्हतं, आणि सगळा घोळ त्यातूनच झाला.

इमारत एकच. तिसऱ्या मजल्यावर जुनी ख्रिस्ती मंडळी भरायची, चौथ्यावर नवी. जुन्या मंडळीत तान्ह्या बाळाच्या कपाळावर पाणी शिंपडलं की बाप्तिस्मा झाला. नव्या मंडळीत जाणत्या माणसाला डोक्यासकट हौदात बुडवल्याशिवाय तो धरत नसत. आपल्या मंडळीबाहेर तारण नाही, हे दोन्हीकडे सारख्याच ठामपणे सांगितलं जाई, आणि मधला स्लॅब पातळ असल्यामुळे ते एकमेकांना ऐकूही जाई. चष्मेवाल्यांची थोरली बहीण तिसऱ्यावरची, बायको चौथ्यावरची. हे गृहस्थ दर रविवारी अर्धी उपासना बायकोशेजारी बसून करायचे आणि उरलेल्या अर्ध्या उपासनेला गुपचूप खाली बहिणीच्या बाकावर येऊन बसायचे. दोन दगडांवर पाय ठेवणारा पडतो म्हणतात. हे जन्मभर पडले नाहीत.

शेवटच्या आजारात बायकोने हट्टच धरला. “एकदा बुडी घ्या. नाहीतर वर मी एकीकडे आणि तुम्ही भलतीकडे. मला नाही करमायचं तिथे.”

“रविवारी घेतो,” ते म्हणाले, आणि शनिवारी गेले.

तेव्हापासून बाईला एकाच गोष्टीची भीती होती. संसारात एक दिवस वेगळी राहिली नाही, आणि आता एका बुडीपायी अनंतकाळ वेगळं राहायचं. बहिणीची धास्ती निराळी. ज्या मंडळीने ह्याला तान्हेपणी प्रभूच्या पदरात घातलं, तिच्या डोक्यावरून हा चौथ्यावर गेला, तर प्रभू ओळख तरी देईल का?

शेवटी दोन्ही मजल्यांवर उपासना ठरली. जिन्याच्या वळणावर शवपेटी अडली, म्हणून ती लिफ्टमध्ये न्यावी लागली. लिफ्ट इतकी चिंचोळी की पेटी उभीच करून भिंतीशी पट्ट्याने बांधली. शेजारी जेमतेम दोन माणसं अंग चोरून उभी राहतील एवढी जागा उरली.

“मी जाते ह्यांच्याबरोबर,” बायको म्हणाली.

“म्हणजे तू सरळ चारचं बटण दाबणार,” नणंद म्हणाली. “त्यापेक्षा मी जाते.”

“आणि वन्सं, तुम्ही तीनचं दाबून तिथेच ठेवून घेणार.”

लिफ्टची देखभाल करणारा कारागीर जवळच उभा होता. “भांडू नका,” तो म्हणाला. “मी दोन्ही बटणं दाबतो आणि त्यांना एकटंच पाठवतो. आधी तिसरा, मग चौथा. तुम्ही जिन्याने व्हा पुढे.”

दोघींना हे पटलं. एकीला पहिला मान मिळत होता, दुसरीला शेवटचा शब्द.

दार मिटलं. लिफ्ट वर गेली आणि तिच्यातली ती ध्वनिमुद्रित बाई गोड आवाजात म्हणाली, “तिसरा मजला.” दार काही उघडलं नाही. मग “चौथा मजला.” तिथेही नाही. मग पुन्हा तिसरा, पुन्हा चौथा. काळे कपडे घातलेली माणसं जिन्यावरून वरखाली धावू लागली, आणि चष्मेवाले मात्र जिवंतपणी करायचे तेच करत होते. अखेर लिफ्ट दोन मजल्यांच्या मधोमध थांबली.

“वजन जास्त आहे,” आतली बाई म्हणाली. “कृपया एकाने बाहेर यावे.”



“आत कोण आहे?” तिसऱ्यावरच्या थोरल्या पाळकांनी, म्हणजे तिथल्या पाद्र्यांनी, विचारलं.

“चष्मेवालेच,” कारागीर म्हणाला. “दुसरं कोणी नाही.”

“कृपया एकाने बाहेर यावे.”

“बिघाड असेल,” कारागीर म्हणाला, पण म्हणताना तो एक पायरी मागे सरला. तेवढ्यात आतून हलकेच टक् झालं. चष्म्याची डबी मिटावी तसा आवाज. बायकोने तो ओळखला आणि ती चौथ्याकडे धावली.

कारागिराने किल्लीने दोन्ही मजल्यांची दारं उघडली. तिसऱ्यावरून वर मान करून पाहिलं की पेटीचा पायाकडचा भाग दिसत होता, आणि चौथ्यावरून वाकून पाहिलं की डोक्याकडचा. थोरल्या पाळकांनी वेळ न दवडता पायाशी प्रार्थना सुरू केली. ती ऐकून वरच्या तरुण पाळकांनी डोक्याशी गीत धरलं. दोघांचे आवाज चढत गेले. पोटाचा भाग तेवढा कुणाच्याच वाट्याला आला नाही. मग आतला दिवा एकदा विझून पुन्हा लागला, आणि दोघेही एकदम गप्प झाले.

त्या शांततेत बायको वर जमिनीवर पालथी झाली आणि फटीशी तोंड नेऊन म्हणाली, “वन्सं, ऐकू येतंय?”

“येतंय. बोल.”

“आतून गार हवा येतेय हो.”

“इथेही लागतेय. अगं, लहानपणी हा अंधाराला फार भ्यायचा. मी दार किलकिलं ठेवायची.”

“अजूनही भ्यायचे. मी दिवा ठेवायची.”

दोघींना रडू आलं, आणि ते एकाच पेटीच्या दोन टोकांना होतं.

“वन्सं, ह्यांना आत घेतील ना?”

नणंदेने थोरल्या पाळकांकडे पाहिलं. “तुम्हीच सांगा. हा तारला की नाही?”

दर रविवारी ते ह्याचं उत्तर टेबल बडवून देत. आज ते हळूच म्हणाले, “ते प्रभूच जाणे.”

“आमचंही तेच म्हणणं आहे,” वरून तरुण पाळकांचा आवाज आला. दोन मजल्यांचं एकमत होण्याची ही पहिलीच वेळ.

कारागिराने हाताने चाक फिरवून लिफ्ट तळमजल्यावर आणली. “आता त्यांना एकटं पाठवू नका,” तो म्हणाला. तेव्हा दोघी जिना उतरून आल्या आणि दोन्ही बाजूंनी पेटीला बिलगून लिफ्टमध्ये शिरल्या. पाळक आपापल्या दाराशी जाऊन उभे राहिले. वजनाची तक्रार आता नक्की होणार म्हणून कारागीर कान देऊन होता, पण आतली बाई चकार शब्द बोलली नाही. दार मिटलं आणि लिफ्ट निघाली.

“तू दाबलंस बटण?”

“नाही. मला वाटलं, तुम्ही दाबलंत.”

लिफ्ट वर जात राहिली. चार मजले चढायला लागतो त्याहून पुष्कळ जास्त वेळ ती जात राहिली. दिवा गेला. मग ती थांबली, दार सरकलं, आणि मिटल्या पापण्यांतूनही जाणवेल असा उजेड आत आला. दोघींनी पेटीवरून एकमेकींचे हात घट्ट धरले होते आणि आपापली प्रार्थना पुटपुटत होत्या. गर्दीतून माणूस ‘जरा जाऊ द्या’ म्हणत निघतो, तसं कुणीतरी दोघींच्या मधून अंग चोरून गेलं. दार मिटलं.

लिफ्ट खाली आली. तळमजल्यावर पेटी बाहेर काढताना चार दांडगे पुरुष मागच्या मागे कोलमडले. इतकी ती हलकी झाली होती. उघडून बघू या, असं कोणी म्हणालं नाही.

दोन्ही पाळक धापा टाकत जिना उतरून आले.

“आमच्याकडे थांबली नाही,” थोरले म्हणाले.

“आमच्याकडेही नाही. सरळ पुढे गेली.”

“पुढे कुठे जाईल?” कारागीर म्हणाला. “चौथ्याच्या वर नुसती गच्ची आहे.”

“मग दार उघडलं ते कुठे?” थोरल्या पाळकांनी दोघींना विचारलं. “बाहेर कोण होतं? कुठली मंडळी होती?”

“मी डोळे मिटले होते,” नणंद म्हणाली.

“मीही,” बायको म्हणाली. तिचा चेहरा कितीतरी दिवसांनी मोकळा दिसत होता. “पण दार उघडलं आणि हे उतरले. मला तेवढं पुरे. आता प्रार्थना इथेच करा, सगळ्यांना खाली बोलवा.”

लोक वर खोळंबले होते. त्यांना आणायला कुणीतरी जायला हवं होतं, आणि जिना पुन्हा चढण्याचं त्राण कुणाही पाळकात उरलं नव्हतं. लिफ्ट दार उघडं टाकून उभी होती. आत लख्ख दिवा लागला होता.

“चला ना,” थोरले पाळक अदबीने म्हणाले. “आधी तुम्ही.”

“छे छे,” तरुण पाळक दोन पावलं मागे सरत म्हणाले. “तुमची मंडळी जुनी. आधी तुमचाच मान.”