इंगवले माणसं लावायचे

आमच्या गल्लीत कुणी मेलं, की रडायच्या आधी इंगवले माणसं लावायचे.

म्हणजे अंगणात मधोमध उभे राहायचे, एक हात वर करायचे आणि बोटानं एकेकाला हलवायचे. "अण्णा, जरा डावीकडं. आणखी. बास. पाटील, तुम्ही दारातनं मागं सरा. बायकास्नी हितं न्हाय, त्या खांबाजवळ." हंबरडा फोडणारी बाईसुद्धा नाक पुसत खांबाकडं सरकायची. सगळे जागेवर गेले की इंगवले एकदा नजर फिरवायचे आणि म्हणायचे, "मोकळी जागा ठेवायची न्हाय." मग स्वतः रडायला लागायचे.

लग्नाच्या पंगतीत तेच. बारशाला तेच. ते जकात नाक्यावर कारकून होते, तिथं गाडीवानांना बैलांसकट हलवायचे. दूध न्यायला माझ्या गोठ्यात आले तरी हात वर. "आक्का, ती शिंगमोडी भिंतीकडं घ्या. मधी मोकळं पडतंय." म्हशींनी मात्र त्यांचं कधी ऐकलं नाही.

ही खोड क्रिकेटची. आमचं कोल्हापूर कुस्तीचं आणि फुटबॉलचं, पण इंगवल्यांना भलतंच लागलं होतं. तरुणपणी त्यांनी पेठेची एक क्रिकेटची टीम काढली आणि आपणच कप्तान झाले. टीम एकदाही जिंकली नाही.

"मी लावलेली मानसं जागेवर ऱ्हात न्हायत," असं ते कारण सांगायचे.

"ऱ्हातील कशी? बॉल दुसरीकडनंच जातोय," तात्या वस्ताद म्हणायचे.

तात्या म्हणजे आमच्या तालमीचे वस्ताद. क्रिकेट हा खेळ आहे, हेच त्यांना कबूल नव्हतं. अंगाला माती लागत नाही आणि मध्येच थांबून चहा पितात, त्याला खेळ कसा म्हणायचा, असं त्यांचं म्हणणं.

इंगवल्यांचं आणि आमचं घर भिंतीला भिंत लागून. त्यांची बायको वत्सला, शिरोळची. मूलबाळ नाही. वत्सला कामाला वाघीण होती, पण आपल्याच स्वयंपाकघरात कुठं बसायचं ते तिला नवरा सांगायचा. "तू चुलीच्या मागं हो. पातेलं डाव्या हाताला. मी हितं." ती हसायची आणि सरकायची. बरीच वर्षं सरकली.

मग एका श्रावणात तिचे वडील गेले. मीही शिरोळला गेले होते. वत्सला बापाच्या उशाशी बसली होती, त्याच्या कपाळावर हात ठेवून. इंगवल्यांनी अंगणातली माणसं लावली, ओसरीवरची लावली, आणि आत आले. इकडंतिकडं पाहिलं.

"वत्सला, तू दाराशी सर," ते म्हणाले. "तितं मोकळं हाय."

तिनं त्यांच्याकडं पाहिलं. मग उठली आणि दाराशी जाऊन बसली. त्यानंतर तिच्या डोळ्यांतून पाणी आलं नाही.

तेरावं झालं, पाहुणे पांगले, वत्सला परत आली नाही. मी शिरोळला जाऊन निरोप विचारला तेव्हा म्हणाली, "आक्का, मला बापाजवळनं उठवलं त्यांनी. आता ही जागा मी धरलीया. हितनं हलत न्हाय म्हनून सांगा."

मी तसंच्या तसं सांगितलं. इंगवले म्हणाले, "बरं." आणि दुधाचं भांडं घेऊन गेले.

दिवाळी जवळ आली तरी ते शिरोळला गेले नाहीत. गल्लीनं बोलून पाहिलं, तात्यांनी दरडावून पाहिलं. अशात एक दिवस ते गोठ्यात आले ते पेपर घेऊन.

"आक्का, ह्यो बघा."

फोटोत पांढऱ्या कपड्यातला एक गोरा होता, उन्हानं डोळे बारीक केलेला.

"कोण हा?"

"न्यूझीलंडचा कप्तान. आपल्याकडं खेळायला आलाय."

"काय केलं यानं?"

"काय न्हाय. त्यांचा देश एवढी वर्सं खेळतोय, अजून एक कसोटी जिंकल्याली न्हाय."

"मग पेपरात कशाला छापलाय?"

त्यांनी तो फोटो असा धरला होता, जसा एखाद्यानं धाकट्या भावाचा धरावा.

मला ह्या माणसाची चौकशी करावीशी वाटली. न जिंकता इतक्या लांब येतो म्हणजे घरी कोण बघतं, काय धंदा आहे, काही तरी असेल की. इंगवले म्हणाले, त्यांच्यात क्रिकेटवर पोट भरत नाही. कुणी मास्तर, कुणी बँकेत, कुणी शेतकरी.

"दुभतं?"

"गाई लई हायत म्हनं देशात. मेंढ्या तर मानसांपेक्षा जास्त."

"म्हशी?"

"म्हशी न्हायत."

मला त्या देशाची कीव आली.

माझं शिक्षण चौथीपर्यंतचं. तो देश कुठं आहे ते शाळेत कुणी सांगितलं नव्हतं. इंगवल्यांनी गोठ्याच्या भिंतीवर कोळशानं काढून दाखवला. आपण वर, खुंटीपाशी. तो पार खाली, गव्हाणीच्या कडेला. पुढच्या दिवाळीला चुना दिला तेव्हा मी तेवढी भिंत सोडून दिली.

मग रोज दुधाबरोबर कप्तानाची खबर यायला लागली. आज नाणेफेक हरला. आज पाऊस आला म्हणून वाचला. कोपऱ्यावरच्या हॉटेलात रेडिओ होता, त्याच्यापुढं इंगवले हात वर करून उभे असायचे आणि इथून त्या कप्तानाची माणसं लावायचे. हॉटेलातली गिऱ्हाइकं चहाची बशी घेऊन सरकायची.

एकदा ते वाडीला दत्ताच्या दर्शनाला जाऊन आले आणि सरळ माझ्याकडं आले.

"नवस बोलून आलोय आक्का. ह्यो कप्तान एक मॅच जिंकू दे. त्या दिवशी शिरोळला जातो आणि वत्सलाला घेऊन येतो."

नवस लोक पोरासाठी बोलतात, म्हशीसाठी बोलतात. परमुलखातल्या गोऱ्यासाठी नवस बोललेला माणूस मी तेवढा एकच पाहिला.

"त्याच्या जिंकण्याचा आणि वत्सलाचा संबंध काय?" मी विचारलं.

त्यांनी कान खाजवला. "हरल्यालं तोंड घेऊन सासुरवाडीला कसं जायचं? दोघांतला एकजन तरी जिंकू दे की."

दत्तानं काही मनावर घेतलं नाही. कप्तान आपल्याकडं हरला, आणि चांगला सपाटून हरला. हॉटेलात जिलेबी वाटली. इंगवले भिंतीकडं तोंड करून बसले.

"अहो इंगवले," तात्या ओरडले, "आपला देश जिंकलाय. तुम्हाला सुतक कसलं आलंय?"

"आपलं लोक परत जिंकतील की," इंगवले म्हणाले. "त्यो एवढ्या लांबनं आलता."

पौर्णिमेला ते वाडीला जायचे, दत्ताला आठवण द्यायला. एकदा मीही बरोबर गेले. एसटी शिरोळवरूनच जाते. शिरोळ आलं तशी इंगवल्यांनी दोन्ही हातांनी पुढच्या बाकाची दांडी धरली. वत्सलाच्या घराचा रस्ता तिथून दिसतो.

"शिरोळ, शिरोळ," कंडक्टर म्हणाला. "पावणं, उतरायचं हाय?"

"न्हाय. माझी जागा हीच."

गाडी हलली तरी त्यांची मान मागं वळलेली होती. परत येताना तेच. दोन्ही वेळा ती दांडी उपटून हातात येईल असं मला वाटलं.

नाक्यावरून त्यांना उशीर झाला, की दूध मी नेऊन द्यायची. एकदा गेले तर ते जेवायला बसले होते. चुलीपुढं दोन पाट मांडलेले. एकावर ते, दुसरा रिकामा, चुलीच्या मागं, तिचा होता तिथंच.

"हा कशाला?" मी विचारलं.

"मोकळी जागा दिसाय नको म्हनून."

"पाट मांडल्यानं तर जास्तच मोकळी दिसतीय," मी म्हटलं.

त्यांनी भात कालवला आणि कालवतच राहिले.

उन्हाळा लागायच्या सुमाराला एक दिवस ते गोठ्यात आले आणि म्हशींना काही बोलले नाहीत. तेव्हाच मी ओळखलं. पेपर बगलेत होता, उघडलासुद्धा नाही. कप्तान आपल्या देशात परत गेला होता. तिथं वेस्ट इंडीजची टीम आली आणि हा पहिल्याच मॅचला पुन्हा हरला.

"कप्तानी काढून घेतली," इंगवले म्हणाले. "दुसऱ्याला दिली."

"मग आता दुसरा धरा."

"नवस ह्याच्या नावाचा हाय. आता ह्यो जिंकायचा कसा आणि मी जायाचा कसा?"

शिंगमोडीनं त्यांच्या पायाजवळ शेण टाकलं. ते बाजूला झाले नाहीत.

नंतर बरेच दिवस कप्तानाचं नाव निघालं नाही. मग एका सकाळी तात्या वस्तादच पेपर नाचवत आले. क्रिकेटला खेळ न म्हणणारा माणूस, पण बातमी त्यांनी शेवटपर्यंत वाचली होती.

"इंगवले, जिंकलं की तुमचं न्यूझीलंड! उठा, शिरोळची गाडी धरा."

गल्ली गोळा झाली. इंगवल्यांनी पेपर घेतला, वाचला आणि मान हलवली.

"ह्यात कप्तान दुसरा हाय. नवस लागू होत न्हाय."

"दत्ताला काय ती सगळी गोरी तोंडं वेगवेगळी वळखू येत्यात व्हय?" तात्या म्हणाले.

कुणी म्हणालं, नवस देशाचा धरावा. कुणी म्हणालं, गुरवाला विचारावं. मला दूध घालायला उशीर होत होता. पण एक गोष्ट जाणून घ्यावीशी वाटली.

"तुमचा जुना कप्तान कुठं होता तेव्हा?" मी विचारलं. "रुसून घरात बसला होता?"

"न्हाय. खेळला की," इंगवल्यांनी पेपरात पाहिलं. "विकेटी काढल्यात त्यानं. चांगल्या काढल्यात."

"आणि उभा कुठं राहिला? स्वतःला पाहिजे तिथं?"

"तसं कसं हुईल? नव्या कप्तानानं लावलं तिथं."

एवढं बोलून त्यांनी पेपरची घडी घातली, पुन्हा उलगडली, पुन्हा तेच वाचलं. "लावलं तिथं उभारला," ते म्हणाले. आमच्यापैकी कुणाला सांगत नव्हते.

दुसऱ्या दिवशी नाक्यावर रजा टाकून पहिल्या एसटीनं ते गेले.

शिरोळला काय बोलणं झालं ते दोघांनी कधी सांगितलं नाही. मी विचारलं होतं. संध्याकाळी त्यांच्या घरातून धूर दिसला म्हणून मी दूध घेऊन गेले. वत्सला चुलीपुढं भाकरी थापत होती. दोन्ही पाट भिंतीला उभे करून ठेवलेले. इंगवले आत येऊन नुसते उभे होते, प्रवासाची पिशवी अजून हातातच. दुसरा हात वर निघाला होता, तो त्यांनी खिशात घातला.

"मी कुठं बसू?" त्यांनी विचारलं.

वत्सलानं मागं वळून पाहिलं नाही. भाकरी तव्यावर टाकली, वरून पाणी फिरवलं.

"दाराशी बसा," ती म्हणाली. "तितं मोकळं हाय."

इंगवल्यांनी पाट उचलला, दाराशी मांडला आणि बसले. मी दूध ओतून निघाले, तर वाटेत ते.

"सरका जरा," मी म्हटलं. "मला जाऊ द्या."

"मला सांगू नका आक्का," ते म्हणाले. "तिला विचारा."