कापो इन बी

"नाही हो साहेब, उभंसुद्धा राहता येत नाही तिला," कातेल्लो फोनवर रडवेल्या आवाजात सांगत होता. "पाठ अशी धरलीय की पलंगावरून पाय खाली टेकवत नाहीये. आजचा दिवस मला घरी थांबायलाच हवं."

जिला उभं राहता येत नव्हतं ती त्याची बायको नुन्झिया समोर दारातच उभी होती. पायांत नवे कोरे बूट, गळ्याला रुमाल, खांद्याला पर्स.

"पाठ कुणाची धरलीय?" त्याने फोन ठेवल्यावर तिने विचारलं.

"तुझी."

"मला विचारलंस तरी का? हे बघ, मी खोटं बोलणार नाही, आत्ताच सांगून ठेवते. कुणी विचारलं तर पाठ ठणठणीत आहे म्हणूनच सांगीन."

"तुला कोण विचारायला बसलंय? चल, निघ!"

कातेल्लोचा नाइलाज होता. नेपल्स सोडून दोघांना इटलीच्या दुसऱ्या टोकाला, त्रिएस्तेला येऊन तीन आठवडे झाले होते आणि तेवढ्यात नुन्झियाने या शहरातलं काय पाहिलं, तर स्वयंपाकघराची खिडकी आणि समोरच्या बाईचे वाऱ्यावर फडफडणारे परकर. इथला बोरा नावाचा सोसाट्याचा वारा नेमका रविवार बघूनच सुटायचा. शेवटी काल जेवताना तिने काटा खाली ठेवला आणि सांगून टाकलं की उद्या शहर दाखव, नाहीतर परवाच्या गाडीने मी आईकडे चालले.

इकडे नोकरीही नाजूक होती. दोन वर्षं घरी बसल्यावर बंदराजवळच्या एका विमा कचेरीत कातेल्लो चिकटला होता आणि पहिले तीन महिने उमेदवारीचे होते. त्याला बी विभागात घातलं होतं. विभागाचे साहेब वास्कोत्तो, पण साहेबाला तिथे सगळेच 'कापो' म्हणत, जसं नेपल्समध्येही म्हणतात. या कापोने पहिल्याच दिवशी त्याला समोर बसवून सांगितलं होतं, "चूक केलीत तर मी माफ करीन. थाप मारलीत तर त्याच दिवशी घरी. तुमच्या आधीचा माणूस असाच गेला." तेव्हापासून कातेल्लोला साहेबांच्या झुपकेदार मिशा स्वप्नातही दिसत.

आणखी एक गोष्ट सांगायला हवी. कातेल्लो हाडाचा नेपल्सचा. नेपल्सबाहेरच्या कॉफीला तो कॉफी मानतच नसे. घरून थर्मास भरून न्यायचा आणि टेबलावर बसून एकटाच प्यायचा. त्यामुळे तीन आठवड्यांत तो इथल्या एकाही कॉफीच्या दुकानाची पायरी चढला नव्हता, आणि पुढचं सगळं रामायण त्यातूनच झालं.

दहाच्या सुमाराला दोघं कालव्याकाठी पोचली. ऊन छान पडलं होतं. नुन्झियाला काचेच्या तावदानांचं एक जुनं दुकान दिसलं.

"इथे बसू या ना. मी कॉफी घेते, तू नाक मुरड."

दोघं टेकली. तिने नक्षीदार छताकडे मान वर केली असेल-नसेल, तेवढ्यात गल्ल्यावरची पोरगी आतल्या बाजूला ओरडली, "कापो इन बी! लवकर!"

कातेल्लो ताडकन उठला. "ऊठ. ऊठ म्हणतो ना!"

"अरे, पण आत्ताच तर—"

"मागच्या दाराने चल. मान खाली घाल!"

तिसऱ्या गल्लीत गेल्यावर त्याने तिचा हात सोडला. "साहेब आहे आत. ऐकलं नाहीस? बी-तला कापो! आमच्याच विभागाचा!"

"तुला दिसला?"

"दिसला असता तर संपलंच होतं!"

नुन्झियाने बुटांचे बंद आवळले. मग दोघं जुन्या गावाच्या बोळांत शिरली. बोळ मोठे देखणे होते, पण ते बघणार कोण? कातेल्लो प्रत्येक वळणावर आधी डोकं बाहेर काढी, मग स्वतः निघे, आणि मग बायकोला खूण करी. तासाभराने तिने एका चिमुकल्या दुकानाच्या दारातच फतकल मारली.

"मेले तरी इथून हलणार नाही. इथे कुठला आलाय तुझा साहेब? चार खुर्च्यांचं दुकान आहे."

बरोबर होतं. आत दोन म्हाताऱ्या आणि एक कुत्रा एवढंच गिऱ्हाईक होतं. कातेल्लोने श्वास सोडला, खुर्ची ओढली, आणि पोऱ्याने आरोळी ठोकली.

"दोन कापो! एक इन बी! आणि फेस भरपूर!"

कातेल्लोचा चेहरा चुन्यासारखा झाला. "दोन आहेत," तो पुटपुटला. "ए विभागाचाही आलाय. आणि आपला तर... ऐकलंस ना? रागाने तोंडाला फेस आलाय त्याच्या!"

"कातेल्लो, इथे दोन म्हाताऱ्या आहेत फक्त."

"म्हणजे माणसं पेरलीत त्यांनी! चल!"

त्यानंतर तो तिला कुठे कुठे घेऊन गेला ते तिलाही नीट सांगता आलं नसतं. बाजारातून गेली, एका लग्नाच्या वरातीतून गेली, रोमन नाटकगृहाच्या दगडांना तर तिने पळता पळताच हात लावला. जिथे बसावं तिथे कापो. एके ठिकाणी कापो गरम नको होता, एके ठिकाणी कापो खिडकीपाशी न्यायला सांगत होते. शेवटी कातेल्लोने ठरवलं की डोंगरावर चढायचं, वर किल्ल्यापाशी साहेब मरायला येणार नाही. वर जायला राक्षसांचा जिना आहे, अडीचशेच्या वर पायऱ्यांचा. नुन्झियाने शंभरापर्यंत पायऱ्या मोजल्या आणि पुढे नवऱ्याला शिव्या मोजल्या.

वर चर्चसमोर एका म्हाताऱ्याची टपरी होती. नुन्झिया धापा टाकत कठड्यावर बसली. कातेल्लो पाणी आणायला पुढे झाला. म्हाताऱ्याने त्याच्याकडे निरखून पाहिलं आणि सहज विचारलं, "कापो, ना?"

कातेल्लोने सरळ म्हाताऱ्याचे दोन्ही हात धरले.

"आजोबा, त्यांना सांगू नका! पाया पडतो! बायकोची पाठ धरली म्हणून थाप मारली मी, पण ती माहेरी निघाली होती हो! दोन वर्षांनी नोकरी लागलीय!"

म्हातारा एकदा याच्याकडे आणि एकदा कठड्यावरच्या बाईकडे बघत राहिला.

"कुठले तुम्ही?"

"नेपल्स."

"तरीच!" म्हातारा इतका हसला की त्याला टेबलाला धरावं लागलं. "अरे बाबा, कापो म्हणजे कॉफी! वर थोडा दुधाचा फेस घातलेली. आख्ख्या देशात तुम्ही काय म्हणता ते म्हणा, आमच्या त्रिएस्तेत कापो!"

"आणि... इन बी?"

"बी म्हणजे बिक्किएरे. पेला रे, पेला! कपात नको, काचेच्या पेल्यात दे, एवढंच."

कातेल्लोने हळूच वळून पाहिलं. नुन्झियाने बूट काढले होते. आता ती त्यातला एक हातात तोलून बघत होती.

"उतरू या खाली," तो मऊ आवाजात म्हणाला. "समुद्रावरच्या चौकात बसू. तू म्हणशील ते मागव."

"बूट पायांत जात नाहीयेत," ती म्हणाली.

उतरायला पाऊण तास लागला. चौकात कोपऱ्यावरच्या टेबलापाशी पोचल्यावर नुन्झिया खुर्चीत कोसळलीच. कातेल्लोच्या अंगात मात्र वारं भरलं होतं. त्याने पाय ताणले आणि वेटरला ऐटीत सांगितलं, "बाईसाहेबांना एक कापो इन बी!" समुद्र चमकत होता, नोकरी शाबूत होती.

"कापो आले!" आत शिरणाऱ्या कुणाला तरी वाट देत वेटर म्हणाला.

"येऊ दे, येऊ दे त्याला!" मागे न बघता कातेल्लोने हात उडवला. "सकाळपासून पळवलंय लेकाच्याने! आता सोडत नाही. आधी वरचा फेस उतरवतो आणि मग एका घोटात खलास करतो!"

"कुणाला?" मागून विचारणा झाली.

आवाज ओळखीचा होता. मिशाही ओळखीच्या निघाल्या. वास्कोत्तोसाहेब रोज याच वेळी इथे कॉफी प्यायला येत, आणि वेटरही त्यांना कापोच म्हणत. हातात घडी घातलेलं वर्तमानपत्र घेऊन ते उभे होते.

कातेल्लो उठला, बसला, परत उठला. दोन वर्षांचं घरी बसणं त्याच्या डोळ्यांसमोरून गेलं आणि खरंच रडू यायचं बाकी राहिलं. साहेबांनी त्याला ओलांडून नुन्झियाकडे पाहिलं.

"तुम्हीच का त्यांच्या पत्नी? पाठ कशी आहे, बाई?"

"पाठ ठणठणीत आहे साहेब," नुन्झिया म्हणाली. कातेल्लोने डोळे मिटले.

"उठू नका, उठू नका!" साहेब म्हणाले, कारण ती रीत म्हणून उठायला गेली होती आणि "आई गं" करत परत खुर्चीत पडली होती. साहेबांची नजर टेबलाखाली गेली. बूट बाजूला होते आणि पाय पावासारखे फुगले होते.

"किती चालवलंत यांना?"

"सकाळी दहापासून चालतेय साहेब. आणि तो जिना."

"कुठला जिना? राक्षसांचा?" साहेबांच्या मिशा थरथरल्या. ते कातेल्लोकडे वळले. "पाठ धरलेल्या बाईला तुम्ही राक्षसांच्या जिन्यावर चढवलंत?"

आता यावर बोलणार काय? पाठ धरलीच नव्हती म्हणावं तर थाप उघडी पडते, आणि गप्प राहावं तर राक्षस आपणच. कातेल्लोने राक्षस होणं पत्करलं.

"पण साहेब, खरंच सांगते, पाठीला काहीही झालेलं नाही," नुन्झिया कळवळून म्हणाली.

"बघा!" साहेब गरजले. "बघा, इतकं होऊनही बिचारी तुम्हाला पाठीशी घालतेय! लाज वाटू द्या. बुधवारपर्यंत कचेरीत यायचं नाही. स्वयंपाक तुम्ही करायचा, भांडी तुम्ही घासायची, आणि यांचा पाय जमिनीला लागता कामा नये. सोमवारी माझी बायको बघायला येईल. तीस वर्षं नर्स होती ती."

"हो साहेब."

"आणि घरी कसे जाणार? चौकात गाडी येत नाही."

"तिला हळूहळू धरून..."

"पाय जमिनीला लागता कामा नये, म्हटलं ना मी?"

नुन्झियाने आधी आपला पेला शांतपणे, तळाचा फेस चमच्याने खरवडून संपवला. मग ती खुर्चीवर चढली आणि हातात बूट धरून नवऱ्याच्या पाठीवर बसली. कातेल्लो वाकून उठला आणि समुद्राकाठून तरातरा निघाला. लोक थांबून बघत होते. एका म्हातारीने टाळ्यासुद्धा वाजवल्या.

"एवढी काय घाई आहे?" पाठीवरून नुन्झिया म्हणाली. तिने हनुवटी त्याच्या डोक्यावर टेकवली होती. "किती सुंदर आहे रे हे गाव! जरा हळू चाल ना. सकाळपासून मला काहीच नीट बघायला मिळालेलं नाही."

मागे चौकात वास्कोत्तोसाहेब अजून उभे होते, म्हणून कातेल्लो हळू चालू लागला.