बिनक्लचची गाडी

साळवे सरांनी माझं नाव विचारलं नाही. त्यांनी आमच्या गाडीच्या गिअरबॉक्समधलं तेल बोटावर घेतलं, डोळे मिटून हुंगलं आणि म्हणाले, "जळालंय. पण पेशंट वाचंल." नाव त्यांनी तिसऱ्या दिवशी विचारलं, तेही वहीत लिहायला.

गाडी वडिलांची. जुनी, निळी, परदेशी आणि ऑटोमॅटिक. म्हणजे क्लच नाही, गिअर आपले आपण पडतात. वडील गेले आणि वर्षभरात तिनं पुढं जाणंच सोडून दिलं. रिव्हर्स तेवढा पडायचा. पुण्याहून थोरल्या भावानं बजावलं, दिवाळीपर्यंत चालली तर ठीक, नाहीतर भंगारात. भंगारवाला येऊन टायरवर लाथ मारूनही गेला. वडील ज्या सीटवर पाठ टेकून बसायचे, ती कुणीतरी पत्र्यासकट कापणार, या विचारानं मला जेवण जाईना.

मी अख्खं शहर पालथं घातलं. शहागंजातल्या एका मिस्त्रीनं गाडीखाली डोकावून तोडगा काढला, "इसकू निकालके जीप का गिअरबॉक्स डाल देते साब, टेन्शन नक्को." छावणीतला मिस्त्री प्रामाणिक होता. त्यानं नुसते हात जोडले आणि मुकुंदवाडीच्या साळवे सरांचा पत्ता दिला.

सर आयटीआयमध्ये मोटार मेकॅनिकचा वर्ग घ्यायचे. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, तरी इस्त्रीचा शर्ट आणि खिशाला पेन सुटलेलं नाही. फोनवरच त्यांनी मला दम भरला. टोचन लावून ओढत आणायची नाही, आतलं सगळं कोरडं फिरून झिजतं, ट्रकवर घालून आणा. तेव्हा आमची गाडी ट्रकवर बसून, साऱ्या जालना रोडला दर्शन देत मुकुंदवाडीला पोचली.

घरापुढच्या शेडमध्ये चपला बाहेर काढून शिरायचं. पंखा बंद, कारण धूळ उडते. जमिनीवर धुतलेली पांढरी चादर. सर गिअरबॉक्समधला एकेक भाग काढायचे, रॉकेलमध्ये न्हाऊ घालायचे आणि चादरीवर रांगेत ठेवायचे. शेजारी खुर्चीत त्यांच्या पत्नी विमलताई वही घेऊन बसलेल्या. त्या शाळेत शिकवायच्या, म्हणून सर त्यांना मॅडम म्हणतात. लहानपणी पोलिओ झालेला, डाव्या पायाला कॅलिपर. सर पुकारायचे, "स्प्रिंग, बारीक, तिसरी," आणि मॅडम वळणदार अक्षरात लिहून घ्यायच्या. मधेच न बघता म्हणायच्या, "चौथी." सर मोजायचे. चौथीच असायची.

इतके बारीक तुकडे मी घड्याळवाल्याकडेही पाहिले नव्हते. आत तेलाच्या वाटांचा असा चक्रव्यूह, की तेलालाच गाडीचा वेग कळतो आणि तेच गिअर बदलतं. सर हे सांगताना आवाज खाली आणायचे, आणि माझे हात आपोआप मागे बांधले जायचे.

एकदाच मी आगाऊपणा केला. सर चहाला आत गेले होते. एक भाग ओलसर दिसला म्हणून मी खिशातल्या सुती रुमालानं तो छान पुसून ठेवला, आणि त्याच उत्साहात शेजारचे आणखी दोन. सर परत आले, त्यांनी रुमाल पाहिला आणि खालीच बसले. ओरडले नाहीत. एवढंच म्हणाले, "रुमालाचा एक धागा बास हाय. आत अडकला, की पेशंट गेला." मग त्यांनी चादरीवरचं सगळं उचलून पुन्हा धुवायला घेतलं, आणि मॅडमनी निमूट वहीचं नवं पान काढलं. दोन दिवसांचं काम. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

रबराच्या रिंगा मिळेनात. सरांनी जुन्या रिंगा खिशात घालून वाळूजपर्यंत दुकानं धुंडाळली. झिजलेल्या प्लेटांना नवं अस्तर चिकटवून आणलं आणि साबुदाणा भिजत घालावा तशा त्या तेलात भिजत घातल्या. दिवाळीला आठ दिवस उरले असताना त्यांचा फोन आला, "या."

गाडी रुळांजवळच्या मोकळ्या मैदानावर उभी होती. मी ड्रायव्हरच्या दाराकडे निघालो, तर तिथं मॅडम बसलेल्या. सर वाकून त्यांची सीट पुढं घेत होते.

मी चाट पडलो. तुम्ही चालवता, असं कसंबसं विचारलं.

मॅडम आरसा नीट करत म्हणाल्या, "लग्न झालं तवा म्हणलं होतं, मला गाडी शिकायचीय. क्लचला माझा पाय चालंना. मग ह्यांनी बिनक्लचच्या गाड्याच शिकून घेतल्या. जी दुरुस्त होईल, ती पयल्यांदा मी चालवते."

"चार वर्षांत एक बी आली नव्हती," सर गाडीकडे बघत बोलले. "नव्या मिळतात आता, पण आमच्या पेन्शनीत नाय बसत."

सर मॅडमच्या शेजारी बसले, मी मागे बसलो. मॅडमनी गाडी पुढं काढली. पुढं! पहिला, दुसरा, तिसरा, गिअर कधी बदलले ते पोटातल्या पाण्यालाही कळलं नाही. मी तिथूनच भावाला फोन लावला. इंजिनाचा आवाज त्याला ऐकवला. तो म्हणाला, "ठेव गाडी."

चार फेऱ्या झाल्यावर मॅडमनी गाडी थांबवली. पण स्टिअरिंगवरचे हात काढले नाहीत.

"सर," त्या समोर बघत म्हणाल्या, "तिसरा पडताना किंचित झटका बसतोय."

कसलाही झटका नव्हता. सरांनाही तो लागला नसणार, हे मला त्यांच्या मानेवरून कळलं. तरी ते माझ्याकडे वळले आणि वर्गात बोलावं तसं गंभीरपणे म्हणाले, "बघावं लागंल. आठ दिवस ऱ्हाऊ द्या गाडी."

"महिनाभर राहू द्या, सर," मी म्हणालो. "झटका मलाही लागला."

मॅडमनी मान हलवली आणि गाडी पाचव्या फेरीला काढली.