पेट्रोल, बॅटरी आणि शाणूकाकांचं भंय

आमचे शाणूकाका कुठल्याही वस्तूची किंमत दोनदा विचारतात. आधी पैशांची, मग भंयाची. पेडण्याच्या बाजारात एकदा प्रेशर कुकर हातात घेऊन ते दुकानदाराला म्हणाले, "दर कळलो. आता ह्येचां भंय सांग." दुकानदार नवीन होता. त्याला वाटलं काका भाव पाडतायत, म्हणून त्याने पन्नास रुपये कमी केले. काकांनी कुकर हळूच खाली ठेवला. "पैशे कमी केलंस," ते म्हणाले, "भंय होता तितक्यांच रवलां."

भंय म्हणजे भीती. आमच्या हळर्ण गावात हे कुणाला सांगावं लागत नाही, तुम्ही बाहेरचे म्हणून सांगितलं.

काकांचं म्हणणं असं, की वस्तू घरात आली की पाठराखणीसारखं तिचं भंय तिच्याबरोबर येतं. फरक इतकाच, की पाठराखीण चार दिवसांनी परत जाते. विहिरीवरच्या पंपाचं भंय म्हणजे स्विचच्या पेटीत बेडूक शिरेल. मिक्सरचं भंय म्हणजे झाकण उडेल. आभाळात कुठे गुरगुरलं की काका घरभर फिरून सगळे प्लग उपसून काढतात आणि सुतळीने बांधून ठेवतात. बांधायचे कशाला, असं मी एकदा विचारलं. "आपसूक परत गेले तर?" म्हणाले.

पेडण्याच्या एका सरकारी कचेरीत त्यांनी कारकुनी केली. तीनतीनदा वाचल्याशिवाय सही करायची नाही, हा नेम. त्यामुळे त्यांच्या टेबलावरून चूक कधी पुढे गेली नाही, आणि कागदही फारसे गेले नाहीत.

अशा माणसाला देवाने बायको दिली ती सुमतीकाकी. विंचू दिसला तर चप्पल काढणारी, आणि पुन्हा तीच चप्पल पायात घालून मिरच्या वाळत टाकायला जाणारी. या दोघांना मूलबाळ नाही. मी शेजारी, पेडण्याच्या शाळेत गणित शिकवतो, तेव्हा त्यांचा हक्काचा श्रोता मीच. काकींना मी विचारलं होतं, तुम्हाला कशाचंच भय कसं वाटत नाही? त्या म्हणाल्या, "घरात एकटो भियेता तितक्यां पुरे. दोगांय भियेली तर रांधतलां कोण?"

दोन वर्षांपूर्वी काकींची मूत्रपिंडं थकली. तेव्हापासून मंगळवार, गुरुवार आणि शनिवारी म्हापशाच्या इस्पितळात जायचं, चार तास यंत्राला लागायचं, रक्त धुऊन घ्यायचं आणि परत यायचं. एक वार चुकला की अंगात पाणी भरतं आणि दोन चुकले तर काय होतं ते डॉक्टरांनी काकांना एकदाच सांगितलं. काकांना दुसऱ्यांदा सांगावं लागलं नाही. दारात एक जुनी पेट्रोलची गाडी होती. काका ती चालवायचे, काकी मागे उशीला टेकून बसायच्या आणि शाळेच्या दिवशी मी पेडण्यापर्यंत फुकटात जायचो.

मे महिन्यात शाळेला सुट्टी, म्हणून एका गुरुवारी मी पार म्हापशापर्यंत सोबत निघालो होतो. कोलवाळच्या पुलाच्या तोंडाशी गाडीने आचका दिला आणि बंद पडली. दुपारचं ऊन मी म्हणत होतं. मागे काकींचे पाय सुजून टम्म झालेले. काकांनी बॉनेट उघडलं, पण ते तोलून धरणारी सळी काही त्यांना खाचेत बसवता येईना. शेवटी मासळीचा एक टेम्पो थांबला. काकी पुढे ड्रायव्हरजवळ बसल्या, मी आणि काका मागे बर्फाच्या खोक्यांत. इस्पितळात पोचायला तासभर उशीर झाला. यंत्र मिळालं, सगळं नीट झालं, काकी उतरताना नर्सला म्हणाल्यासुद्धा, "बांगडे पोचले बघ." सगळे हसले. काका हसले नाहीत. त्यांच्या पाठीवरून बर्फाचं पाणी गळत होतं आणि ते एकटक काकींच्या पायांकडे बघत होते.

त्या दिवसापासून बेडूक, झाकण, प्लग सगळं मागे पडलं. एकच भंय उरलं. पुन्हा वाटेत गाडी थांबली तर?

पेडण्याचा मेकॅनिक मूळचा कोल्हापूरकडचा. त्याने इंजिन कसंबसं सुरू करून दिलं आणि हात पुसत म्हणाला, "काका, चार आण्याची कोंबडी अन् बारा आण्याचा मसाला हुईल. नवी घ्या."

नवी घ्यायची, पण कुठली? पेट्रोलची की विजेची? इथून पुढे दीड महिना काकांनी तालुक्याला सळो की पळो करून सोडलं. बाजारात विजेवरची गाडी दिसली की काचेवर टकटक करायचे. "चडणीर दमता?" "पावसात बुडली तर शॉक बसता?" "लायट गेली तर?" एकाने गाडी थांबवून सगळी उत्तरं दिली, दुसऱ्याने काच वर केली. काच वर करणाऱ्याचंच त्यांना जास्त पटलं. काहीतरी लपवत असणार, म्हणाले.

दर रविवारी ते माझ्या सोप्यावर येऊन बसायचे आणि मी त्यांना गणित मांडून दाखवायचो. विजेची गाडी घेताना जवळजवळ दीडपट पैसे. पण मग घरच्या विजेवर चालते, पेट्रोलच्या मानाने खर्च नावालाच. ऑइल नाही, क्लच नाही, बेल्ट नाही. विमा थोडा चढा. बॅटरीची आठ वर्षांची लेखी हमी, मात्र हमी संपल्यावर ती गेली तर मोठा फटका. काका सगळं ऐकून घ्यायचे आणि भंयाच्या बाजूने तपासायचे.

"मास्तर, पेट्रोलाच्या गाडयेचां भंय चिल्लर," एका रविवारी ते म्हणाले. "आज प्लग, फाल्यां बेल्ट, परवां रेडिएटर. सगळ्यांक मी नावान वळखतंय. बॅटरीचां भंय एकरकमी."

इतकी वर्षं मी मुलांना व्याजबट्टा शिकवतोय, पण मला हे इतकं सुटसुटीत कधी मांडता आलं नसतं.

अखेर त्यांना ढकलत ढकलत म्हापशाच्या एका शोरूममध्ये नेलं. तिथली मुलगी मोठी समजूतदार. काकांनी तिला बेडकापासून सुरुवात करून सगळं विचारलं आणि तिने न हसता उत्तरं दिली. मग तिने हातातली पाटीसारखी स्क्रीन पुढे केली. दोन्ही गाड्यांचा खर्च शेजारीशेजारी. म्हणाली, "काका, आता फक्त एक आकडा सांगा. तुम्ही गाडी साधारण किती वर्षं वापरणार?"

"तां कित्याक?"

"त्यावरच तर सगळं आहे. तीन वर्षं धरलीत तर पेट्रोलची स्वस्त पडते. सहाव्या वर्षी दोन्ही सारख्या. आठ धरलीत तर विजेचीच घ्या. किती लिहू?"

तिचं बोट स्क्रीनवर थांबलं होतं. काका त्या बोटाकडे बघत राहिले. मग "पाणी पिऊन येतंय" म्हणून उठले ते आलेच नाहीत. मी शोधत बाहेर गेलो, तर स्वारी जुन्या गाडीत काचा बंद करून बसलेली. घामाने शर्ट चिकटला होता.

"तां चेडू वर्सां विचारता," ते म्हणाले. चेडू म्हणजे ती शोरूममधली मुलगी.

"विचारणारच ना. आकडा सांगा आणि मोकळे व्हा. तीन का आठ?"

"वर्सां सोडून हिशेब करूक येता, मास्तर?"

"वर्षं सोडून हिशेबच होत नाही," मी वर्गातल्या आवाजात सांगितलं. "अंदाजे सांगायला काय जातंय तुमचं?"

त्यांनी चावी फिरवली. तिसऱ्या खेपेला गाडी सुरू झाली आणि आम्ही घरी आलो. वाटेत मी मनातल्या मनात त्यांच्या भित्रेपणाला हसत होतो. आज ते आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटते.

पुढच्या सोमवारी काका मला देवळात घेऊन गेले. कौल लावायचा होता. आमच्याकडे अडलं की देवाला विचारतात. गुरव देवाच्या मूर्तीला दोन्ही अंगांना फुलाच्या ओल्या पाकळ्या चिकटवतो आणि गाऱ्हाणं घालतो. उजवी पाकळी पडली तर हो, डावी पडली तर नाही. काकांनी आजवर या पाकळ्यांना विचारल्याशिवाय घराची कौलंसुद्धा परतली नव्हती. एकदा डावी पडली म्हणून सख्ख्या भाचीच्या लग्नाला गेले नव्हते.

गुरवाला काकांचं गाडीपुराण ठाऊक होतं. साऱ्या गावालाच ठाऊक होतं. त्याने पाकळ्या लावल्या, हात जोडले आणि खड्या आवाजात सुरू केलं, "बा म्हाराजा, हो तुझो शाणू, हेका गाडी घेवची आसा, तिची बॅटरी आठ वर्सां टिकतली काय नाय..."

"थांब," काका म्हणाले.

देवासमोर काकांनी कुणाला अडवलेलं मी प्रथमच पाहिलं.

"गाडयेचां नाव घेव नको. बॅटरीचांय घेव नको."

"मगे देवाक विचारू काय?"

"निस्तीं आठ वर्सां विचार. कोणाची तां देवाक खबर आसा."

गुरवाने काकांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. लख्खकन माझ्या डोक्यात उजेड पडला. गाडीत बसून मी या माणसाला विचारलं होतं, तीन का आठ? शोरूममधल्या त्या मुलीचं बोट थांबलं होतं, तीन का आठ? तीन लिहिलं असतं तर काकींचं आयुष्य स्वतःच्या हाताने तेवढंच लिहिल्यासारखं झालं असतं. आणि आठ लिहायची छाती होत नव्हती, कारण असं काही ठरवून टाकलं की वरचा ऐकतो आणि मोडता घालतो, असं या माणसाला लहानपणापासून वाटत आलंय.

गुरव आता हळू आवाजात बोलला. नुसतं, "म्हाराजा, आठ वर्सां." बाकी काही नाही. समई जळत होती. माझा पाकळ्यांवर फारसा विश्वास नाही, पण त्या वेळी मी श्वास धरून उजव्या पाकळीकडे बघत होतो. खोटं कशाला सांगू, पड गो बाई, असं म्हणतसुद्धा होतो.

डावी पडली.

गुरवाने पडलेली पाकळी उचलली. भला माणूस. म्हणाला, "पाकळी सुकी आसली शाणूबाब. परत लावया?"

काकांनी नकारार्थी मान हलवली. बाहेर येऊन ते पायरीवर बसले. मला वाटलं, संपलं. आता गाडीच घेणार नाहीत, किंवा पेट्रोलची घेतील आणि रोज संध्याकाळी एक दिवस कमी झाला म्हणून मोजत बसतील. मी काही बोलायला तोंड उघडणार, तेवढ्यात ते माझ्या कानाशी आले आणि आतल्या देवाला ऐकू जाऊ नये इतक्या बारीक आवाजात म्हणाले, "देवाक गाडयेतलां कळना, मास्तर. फाल्यां म्हापशाक जावया."

घरी काकींना यातलं काही सांगायचं नाही, एवढं त्यांनी वाटेत माझ्याकडून वदवून घेतलं.

दुसऱ्या दिवशी, काकी यंत्राला लागल्या तेव्हा, त्यांनी त्याच शोरूममध्ये विजेवरची गाडी नोंदवली. त्या मुलीला विचारलं, "आठ लिवलेलां खंय आसा तां दाखय." तिने हमीच्या कागदावर दाखवलं. काकांनी त्या आकड्यावर बोट ठेवलं आणि बराच वेळ उचललं नाही. ती बिचारी समजली की काकांना चष्म्याशिवाय दिसत नाही.

गाडी आल्यावर भंय गेलं असं समजू नका. अंगणात प्लग लावताना काका रबरी चपला घालतात, शिवाय खाली पाट ठेवून त्यावर उभे राहतात. पहिल्या खेपेला मीही बरोबर होतो. काका दोन्ही हातांनी चाक आवळून बैलगाडीच्या वेगाने निघाले होते. काकी या वेळी पुढे बसल्या होत्या. धारगळ मागे पडलं तशा त्या म्हणाल्या, "खूप पैशे घातलात. पेट्रोलाची कमीत येय नासली?"

"आता कमी. मागीर हीच फायद्याची."

"मागीर म्हणजे केन्ना?"

"सव्या वर्सा."

सुईने काळानिळा पडलेला हात काकींनी पदराखाली घेतला. मी मागे बसून काजूच्या झाडांकडे बघत राहिलो. गाडीला आवाज नाही, त्यामुळे कुणी बोललं नाही की फार शांत होतं.

"म्हणजे सा वर्सां," त्या शेवटी म्हणाल्या, "मंगळवार, गुरुवार, शनिवार, माका हेच्यात बसूकच लागतलां."

"बसूकच लागतलां गो," काका रस्त्यावरची नजर न हलवता म्हणाले. "नायतर गाडी परवडाची कशी?"