रुखवतातला केक

रुखवतात केक मांडायचा, हे खूळ कुंडलिकच्या डोक्यातून काढण्यासाठी ठकुबाईनं जंग जंग पछाडलं; पण ऐन लग्नाच्या सकाळी नवरा पातेलं, निखारे आणि मैद्याची पुडी घेऊन परसात बसलेला पाहिला, तेव्हा तिनं हात टेकले.

"अवो, लाडू हायती, करंज्या हायती, अनारसं हायती. आजून काय पायजे?"

"ते समद्यांच्याच रुखवतात असतंय. इहीणबाईंनी जल्मात बघितलं नसंल आसं कायतरी पायजे."

त्याचंही बरोबर होतं. लेक फुला आंबवड्याच्या मोठ्या घरात दिली होती, आणि वरमाय चंद्राबाई म्हणजे भलतंच कडक प्रकरण. त्यांच्या भावकीत रुखवतातला पहिला घास वरमायेनं घ्यायचा आणि मगच नवरदेव बोहल्यावर चढायचा, असा रिवाज. मागं एका आईवेगळ्या पुतण्याच्या लग्नात करंजीची मुरड वाकडी दिसली म्हणून बाई घास न घेताच उठल्या होत्या आणि अख्खं वऱ्हाड उन्हात ताटकळलं होतं. फुलाच्या लग्नात तसं झालं तर गावात, वेल्ह्यात तोंड दाखवायला जागा उरणार नव्हती.

कुंडलिक काही काळ पुण्याच्या कॅम्पात एका गोऱ्या साहेबाच्या बंगल्यावर लाकडं फोडायला होता. साहेबाच्या मडमेच्या वाढदिवसाला खानसाम्यानं केलेला केक त्यानं पाहिला होता. पांढराशुभ्र, वर गुलाबी फुलं, कडेनं साखरेची वेलबुट्टी. पाहिला होता मात्र खिडकीतून.

चंद्राबाईंच्या गळ्यात तुळशीची माळ, तेव्हा अंडी बाद. त्यानं दही घातलं. पातेल्याखाली निखारे, झाकणावर निखारे, इथपर्यंत सगळं साहेबी थाटाचं झालं. खानसामा मधूनमधून निखारे कमी करत असे, तेवढं बहुधा खिडकीतून दिसलं नसावं. झाकण काढलं तेव्हा आतून मधोमध फुगलेलं, वर निमुळतं झालेलं एक काळंकुट्ट प्रकरण निघालं.

"ह्ये खायाचं हाय व्हय?" ठकुबाईनं विचारलं.

"सजवलं की झालं. साहेबाचा बी आतून आसाच असंल."

आता सजावट. पिठीसाखर आणि तूप फेटून त्यानं वर थापलं. केक गरम, त्यामुळं तूप पातळ होऊन खाली आलं आणि काळं तोंड पुन्हा उघडं पडलं. मग त्यानं साखरेत बेसन मिसळून लेप दाट केला. गुलाबी रंग हवा होता, म्हणून पळसाची फुलं उकळून त्याचं पाणी घातलं. रंग आला भगवा. पण भगवा तर भगवा, काळं झाकल्याशी कारण. मग खोबऱ्याच्या गोल चकत्या कापून, प्रत्येकीच्या मध्ये एकेक मनुका बसवून त्यानं फुलं केली आणि सगळीकडं चिकटवली. ती एकामागून एक घसरली. समोरची दोन तेवढी शेजारी शेजारी तग धरून राहिली.

ठकुबाईला नवऱ्याची कीव आली. तिनं खालची गळती झाकायला झेंडूची माळ गुंडाळली, केक पाटावर ठेवला, पाटाभोवती रांगोळी काढली आणि रुखवताच्या खोलीत उजेड कमी म्हणून शेजारी समई लावली. दोघांनी लांबून पाहिलं. बरं दिसत होतं. दोघांच्याही मनात आलं, की हे आपण आधी कुठंतरी पाहिलंय. पण कुठं, ते काही आठवेना.

एवढ्यात वाजंत्री आली, वऱ्हाड आलं आणि चंद्राबाई बायकांचा घोळका घेऊन रुखवत बघायला आत शिरल्या. त्यांनी लाडवांवर नजर टाकली, करंज्यांच्या मुरडी निरखल्या. मग कोपऱ्यातल्या पाटाकडं त्यांचं लक्ष गेलं. त्या थबकल्या, दोन पावलं पुढं झाल्या, गुडघे टेकले आणि कपाळ जवळजवळ पाटाला लागेल इतक्या वाकल्या.

मागच्या सगळ्या बायकांनी एकदम हात जोडले.

"आगं बया, देवी! डोळं बगा कसं लावल्यात!" शेजारची भामाबाई म्हणाली, आणि तिनं करंड्यातलं हळदकुंकू उचलून केकला लावलं. तिच्यामागं दुसरी, दुसरीमागं तिसरी. कुणी नारळ ठेवला, कुणी खण वाहिला. चंद्राबाई उठून उभ्या राहिल्या, त्यांनी मागं पाहिलं, पुढं पाहिलं, आणि मुकाट्यानं त्याही हात जोडून उभ्या राहिल्या.

कुंडलिकला यातलं काही ठाऊक नव्हतं. पहिल्या घासाची वेळ झाली म्हणून तो सुरी परजत हसतमुखानं आत आला. साहेबही केक सुरीनंच कापत असे.

"इहीणबाई, कुठनं कापू? टाळूवरनं का कडंनं?"

आत एकच हलकल्लोळ उडाला. एकीनं किंकाळी फोडली. भामाबाईनं त्याचा हात धरला. "भावजी, डोस्कं फिरलं का? देवीवर सुरी उगारता?"

"कोन देवी?"

"ही काय म्होरं!"

कुंडलिकनं पाहिलं. पहाटेपासून आपण जे थापत बसलो होतो ते हळदकुंकू लेवून, खणाची घडी पांघरून, दोन डोळे वटारून त्याच्याकडंच बघत होतं. आपण केक केला एवढं त्याला पक्कं आठवत होतं. पण आता त्याचीच त्याला खात्री वाटेना. हा केक आहे म्हणावं, तर वरमाय केकच्या पाया पडली असं चारचौघांत होणार आणि बाई त्या पावलीच वऱ्हाड परत नेणार. देवी आहे म्हणावं, तर काल रात्रीपर्यंत ती मैद्याच्या पुडीत काय करत होती? त्यानं ठकुबाईकडं पाहिलं. ठकुबाई छताकडं बघत होती.

शेवटी त्यानं सुरी पाठीमागं लपवली आणि आपणही हात जोडले.

"पैल्या घासाला करंजी चालंल," चंद्राबाई घाईघाईनं म्हणाल्या. करंजीची मुरड न पाहताच त्यांनी ती तोंडात टाकली. "आन देवीला आमी नेतो. सुनंसंगं घरात लक्षुमी आली म्हणायची."

लग्न लागलं. छकड्यात चंद्राबाईंच्या एका अंगाला रडणारी फुला आणि मांडीवर केक. छकडा दिसेनासा झाला तरी कुंडलिक वाटेकडं बघत उभा होता.

"मुंग्या लागल्या म्हंजी?" ठकुबाईनं हळूच विचारलं.

त्या दिवसापासून कुंडलिकचं अन्न गोड लागेना. देवीला बुरशी आली तर फुला पांढऱ्या पायाची ठरणार, आणि बाप लबाड ठरणार ते वेगळंच. फुलाला परतणीला आणायचा दिवस आला तेव्हा तो वाटेभर मनात शब्द जुळवत आंबवड्याला पोचला. पायावर पडायचं आणि सगळं कबूल करायचं, असं त्यानं ठरवलं होतं.

ओसरीवर भावकी बसली होती. सगळ्यांचे चेहरे गंभीर. देवघराच्या बंद दारासमोर फुला पहारा देत बसली होती. तिच्या ओठाच्या कडेला काहीतरी भगवं लागलं होतं.

"इवाईंना एकट्यालाच आत सोड," आतून आवाज आला.

कुंडलिक आत गेला. दार लागलं. "इहीणबाई, म्या पापी मानूस—" असं म्हणत तो वाकणार, तेवढ्यात चंद्राबाईंनीच त्याचा दंड धरून त्याला उभं केलं.

"हळू बोला! म्या वास घ्यायला वाकले वो, इवाई. तुपाचा वास आसा दाटून आला, म्हटलं काय हाय बगावं तरी. उठून मागं बगते, तं समद्या हात जोडून हुब्या. आता त्यांच्या देखत काय सांगू, का खायाचं म्हणून हुंगत व्हते?"

"म्हंजी तुमाला ठावं व्हतं?"

"पैल्या दिवसापासनं."

कुंडलिकनं पाटाकडं पाहिलं. झेंडूच्या माळेच्या आत मुठीएवढा काळा तुकडा उरला होता. दोन्ही डोळे मात्र जागच्या जागी होते.

"रोज दार लावून पूजेला बसतो, म्या आन सूनबाई," चंद्राबाई नजर चुकवत म्हणाल्या. "काळं खरवडलं की आतनं लई ग्वाड हाय. पर भायेर भावकी म्हणती, देवी रुसली, दिसंदिस वाळत चाललीया. आज समदी दर्शनाला आल्यात. खाल्ली म्हणून सांगू तरी कशी? तुमीच काय ते करा."

कोपऱ्यात पातेलं तयार होतं. मैदा, साखर, तूप, पळसाची फुलं, सगळं सुनेनं सांगितल्याप्रमाणं मांडलेलं. लेकीच्या सासरी पाण्याचा घोट घेतानाही बापानं संकोचावं, आणि इथं कुंडलिक दाराला कडी घालून विहिणीच्या देवघरात बाह्या सरसावून निखारे फुंकायला बसला. लेक सुखात आहे, हे कळल्यावर त्याच्या हाताला असा काही हुरूप आला, की निखारे वेळेवर कमी करायचंसुद्धा त्याला सुचलं.

हळूहळू तुपाचा घमघमाट दाराच्या फटीतून ओसरीवर गेला. बाहेरची कुजबुज थांबली. मग कुणीतरी म्हातारा दाराशी येऊन म्हणाला, "चंद्राबाई, देवी परसन्न झाली का वो?"

चंद्राबाईंच्या तोंडात जुन्या देवीचा शेवटचा तुकडा होता. त्यांना बोलता येईना, म्हणून त्यांनी कुंडलिककडंच पाहून हात जोडले.